जुना सोफा घ्यायचाय? आधी तो उलटा करा

जुन्या सोफ्यात पैसे मोजावेत अशी गोष्ट एकच असते, त्याचा सांगाडा. कापड विटलेलं असणार, गादी बसलेली असणार, पॉलिश गेलेलं असणार. ते सगळं बदलता येतं. सांगाडा सागवानाचा असेल आणि सांधे धड असतील, तर साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा सोफाही नव्या गादीवर पुढची कित्येक वर्षं घरात सुखाने नांदतो. पहिल्यांदाच जुना सोफा किंवा जुनी आरामखुर्ची घ्यायला निघालेल्यांसाठी हे लिहितो आहे. दाखले मुंबई-पुण्याचे जास्त आहेत, पण सोफा तपासायची रीत नागपुरात किंवा मडगावात काही वेगळी नाही.

नवा सोडून जुना कशासाठी

शोरूममधल्या मध्यम किमतीच्या बहुतेक सोफ्यांचा सांगाडा प्लायवूडचा, पाइनचा नाहीतर हलक्या जंगली लाकडाचा असतो. तुकडे पिना, खिळे आणि गोंद यांनी जोडलेले. त्यावर नागमोडी स्प्रिंगा किंवा नुसते इलॅस्टिकचे पट्टे, वर फोम आणि त्यावर ताणून पिना मारलेलं कापड. दिसायला सुरेख, बसायला मऊ. काही वर्षांनी एखादा कोपरा हलायला लागला की खरी अडचण सुरू होते. प्लायवूडमध्ये एकदा सैल झालेला खिळा पुन्हा पकड घेत नाही. कारागीर सांगतो की दुरुस्तीच्या खर्चात थोडी भर घालून नवाच घ्या, आणि त्याचं म्हणणं बरोबर असतं.

जुना सोफा मुळातच उघडता येईल असा बांधलेला असतो. एका लाकडात खाच, दुसऱ्याला त्या खाचेत घट्ट बसणारं कुसू, गरज पडली तर आरपार लाकडी खुंटी, आणि जोडायला सरस. सरस जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतो आणि ऊब व ओलावा मिळाला की पुन्हा मऊ होतो. त्यामुळे सुताराला सैल झालेला सांधा न मोडता सोडवता येतो, साफ करून परत बसवता येतो. बैठकीखालची नवार, सुतळी, गोणपाट, काथ्या, कापूस हे सगळे थरही एकेक करून काढण्यासारखे. जुन्या फर्निचरचं मला सर्वांत जास्त मोल वाटतं ते याचं. नक्षी आणि जुनेपणाचा तजेला हे वरचं देणं.

दुसरं कारण आकाराचं. आजचे सोफे मागून पुढे छत्तीस ते चाळीस इंच जागा खातात. जुने लाकडी सोफे बरेचदा अठ्ठावीस-तीस इंचांत मावतात आणि खालून मोकळे असल्याने केर काढणंही सोपं जातं. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये हा फरक रोज जाणवतो. बैठक उंच आणि पाठ सरळ असल्यामुळे गुडघे दुखणाऱ्या माणसाला सोफ्याच्या हातांवर भार देऊन उठता येतं.

मात्र रात्री टीव्ही बघत सोफ्यावर आडवं पडायची घरात सगळ्यांना सवय असेल, तर लाकडी हातांचा जुना सोफा घेऊ नका. तो बसण्यासाठी बनवलेला आहे. त्याऐवजी एखादी आरामखुर्ची घ्या.

आधी घर मोजा

सोफा कुठे ठेवणार ती जागा, मुख्य दरवाजाची रुंदी, आतल्या दरवाजांची रुंदी, लिफ्टची आतली मापं आणि जिन्याचं वळण एका कागदावर लिहून खिशात ठेवा. जुन्या चाळीतून किंवा बंगल्यातून निघालेला सहा-साडेसहा फुटी सोफा नव्या इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरत नाही, असं नेहमी घडतं. बऱ्याच जुन्या सोफ्यांचे हात आणि पाठ बोल्ट काढून सुटे होतात. विक्रेत्याला हे थेट विचारा आणि बोल्ट डोळ्यांनी बघा.

बैठकीची उंची गादीसकट सोळा ते अठरा इंच असावी. खोली वीस ते बावीस इंच असेल तर मध्यम उंचीच्या माणसाची पाठ टेकते आणि पायही जमिनीला लागतात.

काय काय दिसेल, ते ओळखायला शिका

बाजारात गेल्यावर सगळंच 'अँटिक' असतं. त्या शब्दाकडे लक्ष देऊ नका. आपल्याकडे सापडणारे प्रकार मोजके आहेत.

पहिला आर्ट डेको, ही इमारती आणि फर्निचरची एक शैली. मरीन ड्राइव्ह, ओव्हल मैदानाची पश्चिम बाजू, दादर-माटुंगा, शिवाजी पार्क इथल्या इमारती १९३० आणि १९४०च्या दशकात उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांतल्या ब्लॉकांसाठी फर्निचरही नव्या धाटणीचं बनायला लागलं. १९३७ साली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने मुंबईच्या टाउन हॉलमध्ये 'आयडियल होम' प्रदर्शन भरवलं होतं. आधुनिक घर आतून कसं असावं हे त्यात लोकांना पाहायला मिळालं. गोलाई दिलेले रुंद हात, जमिनीलगतचा जड बांधा, आडव्या पट्ट्या, आत स्प्रिंगा ही या सोफ्यांची खूण. बांधणी दणकट, वजन भरपूर. दुरुस्तीचा खर्चही सर्वांत जास्त यांनाच येतो, कारण गादी सांगाड्यावरच बांधलेली असते.

दुसरा प्रकार १९५० ते १९७०च्या सुमाराचा: खाली निमुळते होत गेलेले तिरके पाय, सडपातळ हात, पट्ट्यांची किंवा वेताची पाठ आणि सुट्या गाद्या. नवख्या माणसाने सुरुवात इथूनच करावी असं माझं ठाम मत आहे. सांगाडा सगळा उघडा असल्यामुळे लपवायला जागा नसते, गाद्या कुठलाही गादीवाला करून देतो आणि दोन माणसं तो उचलू शकतात.

तिसरी लांब हातांची आरामखुर्ची. कोकणातल्या ओसरीवर, गोव्यातल्या जुन्या घरांत आणि डाक बंगल्यांत ती असायची. वेताची लांबलचक बैठक, आणि हातांखालून बाहेर फिरवता येणाऱ्या फळ्या, पाय वर टाकायला. ती घेताना या फळ्या फिरवून बघाच. त्यांच्या खिळीपाशी लाकूड चिरलेलं असतं.

'चंदीगड खुर्ची' या नावाबद्दल मात्र सावध राहा. चंदीगड शहराचा आराखडा करणाऱ्या ल कॉर्ब्युझिए या वास्तुकाराचा चुलतभाऊ पिएर जानेरे याने १९५०च्या दशकात चंदीगडमधल्या सरकारी कचेऱ्या आणि कॉलेजांसाठी साग व वेत वापरून हे फर्निचर तयार केलं. पुढे त्यातलं बरंचसं मोडीत निघालं आणि परदेशी लिलावांत त्याला प्रचंड भाव आला. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने चंदीगडच्या या वारसा-फर्निचरची विक्री आणि निर्यात रोखणारा आदेश काढला. आज आपल्या बाजारात त्या नावाने जे मिळतं त्यात नव्या नकलांचा भरणा आहे. मागच्या बाजूला रंगाने लिहिलेला खात्याचा क्रमांक हा पुरावा धरू नका, तो कुणालाही रंगवता येतो. नक्कल चांगल्या सागाची असेल तर खुशाल घ्या, फक्त किंमत नकलेची द्या.

कुठे शोधायचं

मुंबईत चोर बाजाराची मटण स्ट्रीट आणि जोगेश्वरी-ओशिवराचा फर्निचर बाजार, या दोन जागा पहिल्यांदा पाहाव्यात. मटण स्ट्रीटवरची दुकानं शुक्रवारी बंद असतात आणि त्या दिवशी रस्त्यावरचा बाजार भरतो. सोफे बघायचे तर इतर दिवशी जा. ओशिवऱ्यात माल जास्त असतो आणि दुरुस्त करणारे कारागीर शेजारीच बसतात. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी असतो.

पहिल्या फेरीत काहीही विकत घेऊ नका. नुसतं उलटंपालटं करून बघा, हात लावा, वास घ्या, भाव ऐका.

बाजारापेक्षा घरातून थेट मिळालेला सोफा चांगला, असं मी नेहमी सांगतो. दुकानात येईपर्यंत सोफ्याला गडद पॉलिश मारलेलं असतं, भेगा लांबीने (पुटीने) बुजवलेल्या असतात आणि वर नवं चकचकीत कापड असतं. घरातला सोफा जसा आहे तसा दिसतो. पुनर्विकासाला गेलेल्या इमारतींत हल्ली रोज कुणाचं तरी सामान निघतं, आणि नव्या छोट्या तात्पुरत्या जागेत नेता येत नाही म्हणून सागवानी सोफे भंगारवाल्याला दिले जातात. अशा सोसायटीच्या वॉचमनला, सेक्रेटरींना आणि आपल्या काका-मावश्यांना सांगून ठेवा. ओएलएक्स आणि फेसबुक मार्केटप्लेसवर शोधताना 'विंटेज' या शब्दाबरोबरच 'जुना सागवानी सोफा' असंही टाका. ज्यांना आपल्या सोफ्याची किंमत वाढवून सांगायची नसते ते असंच लिहितात.

उलटा करून तपासणी

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. सोबत टॉर्च, मोजपट्टी, जाड सुई, पांढरा रुमाल आणि एक जुनी चादर न्या. चादर जमिनीवर पसरून सोफा त्यावर पालथा घाला. विक्रेता कुरकुरला तरी आग्रह धरा. उलटा करू देत नसेल तर पुढच्या दुकानात जा.

*लाकूड.* वरून सगळं तपकिरीच दिसतं, म्हणून पॉलिश न पोचलेली खालची बाजू बघा. साग सोनेरी-तपकिरी असतो, हाताला किंचित तेलकट लागतो आणि सुईने खरवडलं की चामड्यासारखा वास येतो. शिसव जांभळट-काळपट, त्यात गडद रेघा, आणि उचलल्यावर वजन लगेच कळतं. जंगली लाकडावर गडद रंग चढवलेला असेल तर खरवडल्यावर आतून फिकट निघतं. विक्रेते 'बर्मा टीक' आणि 'सीपी टीक' म्हणतात. सीपी म्हणजे जुन्या मध्य प्रांतातला, चंद्रपूर-बल्लारपूरकडचा साग. जुन्या सोफ्यात हे दोन्ही उत्तम. नुसत्या 'बर्मा' शब्दासाठी जास्त पैसे मोजू नका.

*सांधे.* सोफा सरळ करून त्याच्या एका हाताचं टोक धरा आणि तिरकं हलवा. सगळा सोफा एकसंध हलला तर उत्तम. सांध्यात नुसती कुरकुर असेल तर सरस सुकलाय, दुरुस्ती सोपी आहे. लाकडाला लाकूड आपटल्याचा टक्‌ आवाज आला तर कुसू झिजलंय किंवा तुटलंय. तेही होतं, पण खर्च धरा. सांध्यावर बाहेरून लोखंडी पट्टी ठोकलेली दिसली तर आत काय झालंय हे ती पट्टी काढल्याशिवाय कळणार नाही. असा सोफा पहिल्या खरेदीत टाळावा. मागच्या पायाचा आणि बैठकीच्या चौकटीचा सांधा सगळ्यांत जास्त भार घेतो, टॉर्च आधी तिथे मारा.

*कीड.* सागाच्या गाभ्याला वाळवी आणि भुंगे सहसा लागत नाहीत. पण सालीलगतच्या पांढरट लाकडाला लागतात, आणि जुन्या सोफ्याच्या न दिसणाऱ्या पट्ट्या पुष्कळदा साध्या लाकडाच्या असतात. एक-दोन मिलीमीटरची गोल भोकं दिसली तर सोफा ठोठावून खाली रुमाल धरा. पिठासारखा ताजा भुसा पडला तर किडा जिवंत आहे. भोकं जुनी, काळवंडलेली आणि कोरडी असतील तर घाबरण्याचं कारण नाही. सुई भोकाशेजारी दाबा. सहज आत गेली तर ती पट्टी बदलावी लागेल.

*ढेकूण.* शिवणींच्या घड्या, खिळ्यांची भोकं, वेताच्या कडा आणि खालच्या कापडाच्या आतला कोपरा टॉर्चने नीट बघा. काळे ठिपके, पातळ फिकट कात, बारीक पांढरी अंडी यांपैकी काहीही दिसलं तर मोह सोडा. ढेकूण रक्त न पिताही महिनोन्‌महिने जगतात, त्यामुळे 'गोडाऊनमध्ये वर्षभर पडून होता' या शब्दावर विसंबू नका.

*स्प्रिंगा.* डमरूच्या आकाराच्या स्प्रिंगा सुतळीने चहूबाजूंनी एकमेकींना बांधलेल्या असतात. बसल्यावर एक बाजू खचली तर बहुतेक वेळा सुतळी किंवा नवार तुटलेली असते, स्प्रिंग शाबूत असते. पुन्हा बांधून घेता येते. गंजून पोपडे निघत असतील तरच बदला.

लाकूड रंगवलेलं असेल, विशेषतः जुना जाड ऑइल पेंट असेल, तर घरात कोरडा घासू नका. जुन्या रंगांत शिसं असू शकतं आणि लहान मुलांना ते फार घातक.

भाव कसा करायचा

जवळच्या लाकडाच्या वखारीत जाऊन सागवानाचा घनफुटाचा दर विचारून या. तीन माणसांच्या साध्या लाकडी सोफ्यात साधारण दोन घनफूट लाकूड असतं. तितक्या लाकडाची आजची किंमत काढली की एक आधार मिळतो. त्यात सुताराची मजुरी धरा, कारण नवा करायचा तर ती द्यावीच लागली असती. मग या सोफ्याला लागणारी दुरुस्ती, गाद्या, कापड आणि टेम्पो-हमाली वजा करा. जे उरेल त्याच्या वर जाऊ नका, सोफा कितीही आवडला तरी. कारागिराकडून दुरुस्तीचा अंदाज फोटो दाखवून आधीच घ्या.

परदेशात राहणाऱ्या आणि आजोळची खुर्ची तिकडे न्यायची इच्छा असणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. १९७२च्या पुरावस्तू व कलासंपदा कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू त्याहून नवी असली तरी जुनी दिसत असेल, तर ती पुरावस्तू नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून घ्यावा लागतो. शिसवासाठी निर्यातीचे वेगळे नियम आहेत, तेही पाठवण्याआधी विचारून घ्या.

घरी आणल्यावर कामाचा क्रम

सोफा थेट हॉलमध्ये नेऊ नका. गच्चीत, गॅलरीत किंवा पार्किंगमध्ये जुन्या गाद्या आणि भरण काढून टाका. कापड मात्र फाडू नका, शिवण उसवून तुकडे जपून ठेवा. नव्या कापडाच्या कापणीला त्यासारखा नमुना नाही. मग सांगाडा ब्रशने झाडून कीटकनाशकाचं काम जाणकाराकडून करून घ्या.

त्यानंतर सुतार, मग पॉलिशवाला, आणि सगळ्यात शेवटी गादीवाला. हा क्रम उलटला तर नव्या कापडावर पॉलिशचे डाग पडलेच म्हणून समजा. सुताराला स्पष्ट सांगा की सांध्यांत खिळे किंवा स्क्रू मारायचे नाहीत. सांधा उघडून, साफ करून, चिकटवून शिकंज्यात धरायचा.

पॉलिशच्या बाबतीत घाई नको. सोफ्याच्या मागे, न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा बोळा टेकवा. पॉलिश चिकट झालं तर ते लाखेचं, म्हणजे जुनं फ्रेंच पॉलिश आहे. तसं असेल तर सगळं खरवडायची गरजच नसते. मळ काढून त्यावरच लाखेचे नवे पातळ हात देता येतात आणि लाकडाचा मुरलेला रंग शाबूत राहतो. पॉलिशवाला मेलामाइन किंवा पीयू (पॉलीयुरेथेन) ही नवी रासायनिक पॉलिशं सुचवेल, कारण ते चमकतं आणि कपबशीचे डाग पडत नाहीत. जेवणाच्या टेबलाला ते ठीक. जुन्या सोफ्याला लाखच शोभते, आणि पुढे दुरुस्त करायलाही तीच सोपी. लाखेचं काम पावसाळ्यात करू नका, दमट हवेत ती पांढुरकी पडते. दिवाळीच्या आधी कारागिरांना श्वास घ्यायला फुरसत नसते, म्हणून डिसेंबर ते मे हा काळ सगळ्यात सोयीचा.

गादीसाठी बैठकीला ३२ किंवा ४० डेन्सिटीचा फोम मागा आणि कापलेला तुकडा दाबून बघा. पाठीला हलका चालतो. मूळ सोफ्यात काथ्या आणि कापूस असेल आणि तो करणारा कारागीर भेटला, तर तसाच करून घ्या. मुंबई-कोकणच्या उकाड्यात त्यावर बसायला जास्त सुखाचं वाटतं. कापड चौपन्न इंच पन्ह्याचं असेल तर बावीस इंची चौरस गादीला साधारण पाऊण ते एक मीटर लागतं. मोठी नक्षी जुळवायची असेल तर जास्त. सुती जाड कापड, खादी किंवा हातमागाचं कापड जुन्या लाकडावर खुलतं. आधी धुऊन आटवून घ्या आणि खोळींना चेन लावा.

वेत तुटला असेल तर पूर्ण चौकट नव्याने विणून घ्यावी, मधेच ठिगळ टिकत नाही. अंध विद्यार्थ्यांच्या संस्थांतून हे काम शिकवण्याची जुनी परंपरा आहे, तुमच्या शहरातल्या अशा संस्थेत जरूर विचारा. हाताने विणलेला वेत आणि यंत्रावर विणलेली तयार जाळी यांतला फरक कडेला दिसतो: हाताच्या विणीत वेत प्रत्येक भोकातून ओवलेला असतो, तयार जाळी खाचेत दाबून वर पट्टी बसवलेली असते. भोकं असलेल्या चौकटीवर जाळी ठोकून देणाऱ्याला काम देऊ नका.

वेत तुटलेला नसून नुसता सैल पडला असेल तर खर्च करायची गरज नाही. खुर्ची उलटी करून खालच्या बाजूने ओलं, कोमट पाण्यात पिळलेलं फडकं वेतावर अर्धा तास ठेवा, मग सावलीत वाळू द्या. वाळताना वेत आपोआप ताणला जातो. पूर्ण वाळेपर्यंत तिच्यावर कुणालाही बसू देऊ नका.